भाड्याचं घर की हक्काचं घर: आधाराची गरज असलेल्या कुटुंबांसाठी (महाराष्ट्र)

उंबरठा (धागाकर्ती):
पुण्यातल्या एका कुटुंबासाठी माहिती गोळा करते आहे. आई ६१ वर्षांची, विधवा, वॉकर घेऊन चालते. मुलगी खासगी नोकरीत, पगार महिना २४ हजार. घरात येणारं उत्पन्न तेवढंच. मुलगा २७ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे, दाखला ६५ टक्क्यांचा. बचत साडेतीन लाख. दर अकरा महिन्यांनी घर बदलावं लागतं आणि दर वेळी मुलाला पाहून घरमालक का-कू करतात. भाड्याच्या घरात निर्धास्त राहण्यासाठी काय करावं? आणि एवढ्या उत्पन्नात स्वतःचं घर खरोखर शक्य आहे का? जाणकारांनी नेमकं सांगावं. "म्हाडाला अर्ज करा" इतकंच नको, अर्ज कुठे अडकतो तेही हवं.

करारपत्र:
ताई, सुरुवात भाड्याच्या करारापासून करा, कारण पुढच्या बऱ्याच कामांत तोच कागद पत्त्याचा पुरावा म्हणून मागितला जातो.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे नोंदणी नसताना वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायच्या तर पुरावा घरमालकाने द्यायचा. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा. बहुतेक जण नोंदणीला तयार होतात, कारण घर वेळेवर रिकामं करून घेण्याचा जलद मार्गही त्यांना नोंदणीकृत करारावरच मिळतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के, या सगळ्यांच्या बेरजेवर. उदाहरणार्थ भाडं ८,०००, डिपॉझिट ३०,०००, मुदत १२ महिने: ९६,००० अधिक ३,००० म्हणजे ९९,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशेच्या आतबाहेर. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. बाकी जे मागतात ती एजंटची फी. ई-रजिस्ट्रेशन घरी बसून होतं: दोन्ही पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे आधार, अंगठ्याचं यंत्र, कॅमेरा. वयस्कर माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही आणि काम तिथेच थांबतं, म्हणून करार मुलीच्या नावावर करा आणि आई व भाऊ "सोबत राहणारे कुटुंबीय" म्हणून नावानिशी लिहा.

मुदतही अकरा महिन्यांचीच हवी असं काही नाही. हाच ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंत चालतो. ३६ महिन्यांचा करार मागा, वर्षाला ५ टक्के वाढ आधीच लिहून द्या. मालकाला वाढीची हमी मिळते आणि तुमची दरवर्षीची शोधाशोध वाचते.

पिंपळपान:
करारात काय लिहून घ्यायचं, तेही सांगा ना.

करारपत्र:
लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते आधी बघा. छापील नमुन्यात बरेचदा तो फक्त भाडेकरूला बांधतो. नोटिशीचा काळ आजारी माणूस असलेल्या घरासाठी दोन महिने मागा, एका महिन्यात योग्य घर सापडत नाही. डिपॉझिट "ताबा परत देताना त्याच वेळी" मिळेल असं लिहा; "नंतर हिशेब करून" असं लिहिलंत की महिनोन्महिने फेऱ्या. रंगासाठी सरसकट एका महिन्याचं भाडं कापतात, तेव्हा कपात कशाची आणि किती तेही लिहून ठेवा. मेंटेनन्स कोण भरणार, हेही करारातच. घर ताब्यात घेताना वीज मीटरचं रीडिंग, ओल, फुटक्या टाइल्स यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा, तारखेचा पुरावा आपोआप राहतो.

भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि सभासदाने, म्हणजे मालकाने भरायचे असतात.

मुदत संपली तरी मालकाला स्वतः कुलूप बदलायचा किंवा सामान बाहेर काढायचा अधिकार नाही. त्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पण हेही लक्षात ठेवा की मुदतीनंतर राहिल्यास तिथे दुप्पट दराने भरपाई लागते. "केस चालू आहे तोवर राहू" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

रानवारा:
दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे ना? तसा मेसेज फिरतोय.

करारपत्र:
नाही. ती तरतूद केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यातली आहे. राज्याने तसा कायदा करेपर्यंत नमुना हा नमुनाच राहतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि लिव्ह अँड लायसन्समधल्या डिपॉझिटला त्यात अशी मर्यादा नाही. मेसेज दाखवून मालकाशी भांडू नका, हातचं घर जाईल.

दगडी_चाळ:
हेवी डिपॉझिटबद्दल सावध करतो, कारण साडेतीन लाख बचत आहे असं कळल्यावर एजंट हाच पर्याय पुढे करणार. चार-पाच लाख द्या, भाडं शून्य. ऐकायला छान. पण ही रक्कम म्हणजे मालकाला दिलेलं विनातारण कर्ज आहे. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेते आणि तुम्ही रकमेसाठी कोर्टात. घ्यायचंच असेल तर मालकाचा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) बघा, सोसायटीकडून थकबाकी आणि बँकेचा बोजा विचारा, पूर्ण रक्कम चेकने द्या आणि करारात पूर्ण दाखवा. "स्टॅम्प वाचतो म्हणून निम्मी दाखवू" म्हणणाऱ्याला नकार द्या: ५ लाखांच्या डिपॉझिटवर वर्षाचं मुद्रांक शुल्क सव्वाशे रुपये होतं. तेवढ्यासाठी अडीच लाखांचा पुरावा घालवायचा? या कुटुंबाने तर हा पर्याय घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळी बचत एका माणसाच्या शब्दावर ठेवणं त्यांना परवडणारं नाही.

सोडतवारी:
आता म्हाडा. पुण्यासाठी पुणे मंडळ. तिथली सोडत मुंबई मंडळाच्या मानाने आवाक्यातली असते.

उत्पन्न गट २०२२ पासून असे: मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेश आणि १० लाखांवर लोकसंख्येची शहरं इथे वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. इतर ठिकाणी या मर्यादा ४.५ आणि ७.५ लाख. उत्पन्न धरतात अर्जदार आणि त्याच्या पती किंवा पत्नीचं. मुलगी अविवाहित असेल तर तिचं एकटीचं, म्हणजे २.८८ लाख, अत्यल्प गटात आरामात.

अर्ज कुठे अडकतात ते सांगतो. नव्या प्रणालीत कागदपत्रांची पडताळणी सोडतीच्या आधीच होते. पात्र ठरला तरच नाव सोडतीत. त्यामुळे जाहिरात आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. अडतो तो मुख्यतः अधिवास दाखला. जुना, हाताने लिहिलेला चालत नाही, बारकोड असलेला लागतो, आणि तो काढायला महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सतत भाड्याने राहणाऱ्यांकडे तोच नसतो. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी रेशन कार्डं, मतदार यादीतली नोंद, जुने नोंदणीकृत करार असं मिळेल ते जोडत जायचं. दुसरी अडचण नावाची. आधारवर "सुनीता रमेश" आणि पॅनवर "सुनिता आर." असेल तर प्रणाली दोन माणसं समजते, आधी दुरुस्ती करून घ्या. तिसरी उत्पन्नाची: जाहिरातीत ज्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न मागितलंय त्याच वर्षाचा तहसीलदाराचा दाखला किंवा रिटर्न हवं. एक वर्ष मागचं दिलं की अपात्र.

अनामत रक्कम नाव न लागल्यास परत मिळते, अर्ज शुल्क मिळत नाही. सोडतीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. आणि म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही. "आतून करून देतो" म्हणणारा माणूस फसवणारा आहे, एवढं पक्कं धरा.

२० टक्के योजनेतली घरं म्हणजे खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पात म्हाडाच्या वाट्याला आलेली घरं. किंमत कमी, जागा चांगली; पण पार्किंग, क्लब, सोसायटी अशा नावाखाली बिल्डर वेगळे पैसे मागतो आणि मेंटेनन्स त्या प्रकल्पाच्या थाटाचा असतो. २४ हजार पगारात महिना तीन हजार मेंटेनन्स हा हप्त्याइतकाच भारी पडतो. अर्ज भरण्याआधी साइटवर जाऊन तिथला प्रति चौरस फूट मेंटेनन्स विचारा.

"प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" मध्येही न विकलेली घरं निघतात. तिथे नशिबाचा भाग नाही, पण घरं का उरली ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं: पाणी, बस, दवाखाना.

कर्जखिडकी:
बँकेच्या बाजूने लिहिते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. तिच्यात गट वेगळे: ३ लाखांपर्यंत दुर्बल, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम. म्हाडाचा अत्यल्प गट आणि या योजनेतला दुर्बल गट एक नव्हे. म्हाडाच्या जाहिरातीतही आवास योजनेतली घरं वेगळ्या अटींवर असतात. इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, आणि त्यातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. मागच्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुल योजनेचा लाभही घेतलेला नको.

या कुटुंबाला दोन दारं उघडी आहेत. एक, भागीदारीतली परवडणारी घरं, ज्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख घराच्या किमतीतून वजा होतात. दुसरं, व्याज अनुदान. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत ४ टक्के. जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. हप्ते थकून खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत) झालं तर पुढचं अनुदान थांबतं. मुद्दल निम्म्याहून अधिक शिल्लक असणंही लागतं, त्यामुळे पहिल्या पाच वर्षांत कुठून पैसे आले म्हणून कर्ज झपाट्याने फेडलंत तर उरलेलं अनुदान हातचं जाईल.

आता गणित. १० लाख कर्ज, २० वर्षं, ९ टक्के: हप्ता ९,००० च्या आसपास. २४ हजार पगारावर बँक इतकं मान्य करते, त्यापुढे फारसं नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पण त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. घर १० लाखांच्या आतलं असेल तरच धरता येतात. १२ लाखांचं घर धरा: कर्ज १० लाख, स्वतःचे २ लाख, पुण्यात मुद्रांक ७ टक्के म्हणजे ८४ हजार, नोंदणी १ टक्का म्हणजे १२ हजार. जवळजवळ तीन लाख हातचे गेले. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट, इथे १२ हजार वाचतात. आई आणि मुलगी दोघींच्या नावावर घ्या. एका पुरुषाचं नाव आलं की सूट जाते. साडेतीन लाखांतले उरलेले पन्नास हजार वीज मीटर, सोसायटीचा प्रवेश आणि पहिल्या दोन हप्त्यांसाठी बाजूला ठेवा, फर्निचरला नाही.

बांधकाम चालू असलेलं घर घेत असाल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) क्रमांक तपासा, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांवर एक रुपयाही देऊ नका. रेराच्या कलम १३ प्रमाणे बिल्डरला तो घेताच येत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही.

रानवारा:
झोपडपट्टी पुनर्वसनातले फ्लॅट बाजारभावाच्या खूप खाली मिळतात. बारा लाखांत सहज बसेल. तो मार्ग?

दगडी_चाळ:
पुनर्वसनातलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. स्वस्त मिळतात ती बहुतेक मुदतीच्या आतली, कुलमुखत्यारपत्र आणि नोटरीवर. त्यावर गृहकर्ज मिळत नाही, आणि तपासणीत मूळ लाभार्थी सापडला नाही तर घर ताब्यातून जातं. मुदत संपलेली असेल, परवानगीचं पत्र हातात असेल आणि बँक कर्ज द्यायला तयार असेल, तरच बोलणी करा. बँकेचा नकार हा इथे चांगला इशारा समजा.

घरकुल_नोंद:
आईच्या माहेरी किंवा सासरी गावात जागा असेल तर तेही विचारात घ्या. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ भागात १.३० लाख, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते.

हप्ते बांधकामाच्या टप्प्यावर आणि जिओ-टॅग फोटोवर सुटतात. पहिल्या हप्त्यात पाया मोठा खणून ठेवला की जोत्यावरच पैसा संपतो आणि पुढचा हप्ता अडतो. अर्धवट घरकुलांचं हे नेहमीचं कारण. २५ चौरस मीटरचाच आराखडा धरा, वाढवायचं ते पुढे.

मात्र एक अट पक्की ध्यानात ठेवा. गावात घरकुल घेतलं की शहरातल्या आवास योजनेचं दार बंद. नोकरी पुण्यात आणि मुलाचे उपचारही पुण्यात असतील तर मी गावचं घरकुल सुचवणार नाही.

उंबरठा:
जमीन आहे, पण नोकरी सोडणं शक्य नाही. म्हणजे शहरातच. मुलाच्या अक्षमतेमुळे काही वेगळा हक्क मिळतो का? आणि घर बघताना काय बघावं?

सोबती_३७:
मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ३७ मध्ये सरकारी गृहयोजनांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य. पण ते व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. म्हणजे त्या प्रवर्गातून अर्ज मुलाच्या नावाने जाईल, आणि तिथे उत्पन्न, कर्ज, सही असे प्रश्न येतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आत्ताच काढा. नुसत्या जुन्या कागदी दाखल्यावर अवलंबून राहू नका.

घर बघताना आईचा वॉकर सोबत न्या. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी. जुन्या इमारतीत न्हाणीघराचं दार ६०० ते ७५० असतं, वॉकर आडवा करून आत जावं लागतं आणि पडण्याचे प्रसंग तिथेच येतात. न्हाणीघराचा उंबरा किती उंच ते मोजा. रॅम्प असेल तर त्याचा उतार १ ला १२: एका फुटाच्या उंचीला बारा फूट लांबी. त्यापेक्षा उभा रॅम्प फक्त दाखवायला असतो. लिफ्टला जनरेटर आहे का ते वॉचमनला विचारा, एजंटला नाही. तळमजला मिळाला तर पावसाळ्यात पाणी शिरतं का, हे शेजारच्या घरी विचारून घ्या.

भाड्याच्या घरात आधाराचे दांडे बसवायला भिंतीला भोकं पाडावी लागतात. "दांडे बसवता येतील, सोडताना भोकं बुजवून देऊ" हे वाक्य करारात घाला. आणि मुलाबद्दल मालकाशी आधीच, मोकळेपणाने बोला. लपवून घेतलेलं घर दोन महिन्यांत सुटतं, डिपॉझिट वादात अडकतं आणि त्या मुलाची घडी पुन्हा विस्कटते. त्याला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

मुक्ता:
ज्यांच्या घरात छळ आहे त्यांच्यासाठी जोडते, कारण घराचा आधार त्यांनाही लागतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १७: घर कोणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा स्त्रीचा हक्क आहे. कलम १९ खाली न्यायालय तिला बाहेर काढू नका असं सांगू शकतं, किंवा तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला लावू शकतं. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. तातडीच्या निवाऱ्यासाठी १८१ वर फोन करा, सखी केंद्राचा, म्हणजे छळ झालेल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने घर दिलं आणि मग मुलांनी वाऱ्यावर सोडलं, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. बक्षीसपत्रात "देखभालीच्या अटीवर" हे शब्द लिहिलेले असले की काम सोपं होतं, म्हणून ते लिहिल्याशिवाय सही करू नका.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. आईची इच्छा आहे की घर मुलाच्या नावावर असावं, म्हणजे तिच्यामागे त्याला कोणी बाहेर काढणार नाही.

सोबती_३७:
इच्छा समजते, पण थेट त्याच्या नावावर घेऊ नका. प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तीच्या वतीने कायदेशीर सही करायला आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही. १८ वर्षांनंतर नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. पालकाने सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. तो दाखला आत्ताच काढा, बँकेच्या खात्यालाही लागेल. आणि आईबरोबर बहिणीचं नावही समितीपुढे मांडा, म्हणजे पुढे पालक बदलताना धावपळ होणार नाही.

घर आई आणि मुलीच्या नावावर राहू द्या. आईने आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करावं: हिस्सा मुलीला, पण मुलाला त्याच्या हयातीपर्यंत तिथे राहण्याचा हक्क. दोन साक्षीदार हवेत, लाभार्थ्यांपैकी कोणी साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. मुलीनेही स्वतःच्या हिश्श्याचं तसंच मृत्युपत्र करावं. हे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावल्याने तो मालक होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. मृत्युपत्राची एक प्रत बहिणीकडे आणि एक ज्याच्यावर विश्वास आहे अशा नातेवाइकाकडे ठेवा, पालकत्वाच्या दाखल्याच्या प्रतीसकट.